अठ्ठावीस हजार

आमचं गाव किन्हवली आणि सरळगाव यांच्या मधे. शेत मुरबाड तालुक्यात, सोयरीक बहुतेक शहापुरात. त्यामुळे घरात कुणी आजारी पडलं की दोन तालुक्यांचे सल्ले एकाच ओटीवर येऊन बसतात. यंदा भाद्रपदात तेच झालं. गणपती जाऊन आठवडा झाला होता, खाचरांत भात पोटरीला आलं होतं, आणि रविवारी थोरल्या भावाला ताप भरला. बुधवारी रक्ताचा रिपोर्ट आला : डेंग्यू, प्लेटलेट ६२ हजार. त्याच संध्याकाळी मुरबाडला पुन्हा नमुना दिला, त्याचा आकडा गुरुवारी सकाळी सातला पुतण्याच्या मोबाईलवर उमटला : २८ हजार.

त्याच सुमारास भावाचा ताप उतरला. घाम आला, अंग गार लागलं, तो उठून बसला. वहिनींनी देवाजवळ दिवा लावला.

आणि ओटीवर दोन पक्ष पडले. एक माझा पुतण्या, वय सत्तावीस, पडघ्याच्या गोडाऊनमध्ये कामाला. दुसरी त्याची मावशी, म्हणजे वहिनींची थोरली बहीण. शहापूर तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्सबाई म्हणून तीस वर्षं काढून निवृत्त झालेली. बुधवारच्या रिपोर्टची बातमी लागली तशी ती एसटीने आली होती, पिशवीत बीपीचं मशीन घेऊन. दोघं काय बोलले ते शक्य तेवढं त्यांच्याच शब्दांत देतो. मधेमधे मी तोंड घालीन, ते मास्तरकीच्या खोडीने.

भाचा : मावशी, अठ्ठावीस आलेत. नॉर्मल दीड लाख ते साडेचार लाख असतात. आणि आपण चहा पीत बसलोय.

मावशी : चहा राहू दे. दाजींच्या पोटात पहाटेपासून काय गेलं ते सांग.

भाचा : आईने पेज दिली ना. पेजेने प्लेटलेट वाढतात का?

मावशी : पेजेने नाही वाढत. तू काल तीनशे रुपयांची कीवी आणलीस, तिनेही नाही वाढत. शेजारच्यांनी बकरीचं दूध आणून दिलं, त्यानेही नाही. डेंग्यूत त्या आपल्या आपण पडतात, पाचव्या-सहाव्या दिवशी तळाला जातात आणि आपल्या आपण चढतात. आपण फक्त मधल्या दिवसांत माणूस सांभाळायचा.

भाचा : आणि मधल्या दिवसांत रक्त सुटलं तर? नाकातून, पोटात, डोक्यात?

मावशी : सुटू शकतं. म्हणून तर काल आल्याआल्या दाजींची मिश्री काढून घेतली. हिरड्या चोळायच्या नाहीत, दात घासायला काडी नाही, दाढीला पातं नाही, मोरीत शेवाळ आहे तर एकट्याने जायचं नाही. पण हे करायला कल्याण लागत नाही.

भाचा : कल्याण प्लेटलेटसाठी लागतं. इथे पिशवी मिळते का?

पिशवीबद्दल त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. रक्ताची पिशवी फ्रीजमध्ये महिनाभर टिकते, प्लेटलेटचं तसं नाही. त्या २० ते २४ अंश तापमानात, सतत हलत्या ट्रेवर ठेवाव्या लागतात आणि पाच दिवसांत टाकून द्याव्या लागतात. साहजिकच त्या मोठ्या शहरांच्या रक्तपेढ्यांतच असतात. आमच्याकडच्या माणसाला त्यासाठी कल्याण, उल्हासनगर, ठाणे गाठावं लागतं. पुतण्याने रात्रीतच तयारी केली होती. गोविंदा पथकातली चार पोरं, भावाच्याच रक्तगटाची, मोटारसायकलींत पेट्रोल भरून बसली होती. एकाच माणसाकडून मशीनवर प्लेटलेट काढून घेतात त्याला एसडीपी म्हणतात. दाता तास-दीड तास पडून राहतो, त्याच्या तांबड्या पेशी त्याला परत जातात आणि त्या एका पिशवीने आकडा साधारण ३० ते ५० हजारांनी चढतो. साध्या रक्तदानातून वेगळ्या केलेल्या छोट्या पिशवीने पाच-दहा हजारच. हे सगळं पोराला तोंडपाठ होतं. त्याला ते कुठे शिकावं लागलं, ते पुढे आलं.

मावशी : पोरांना म्हणावं फोन चालू ठेवा. पण उगाच कुणाला टोचून घेऊ नका. रक्त दिसत नसेल तर डॉक्टर दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय देत नाहीत, आणि तेच बरोबर आहे.

भाचा : दहा हजारांची वाट बघायची? तू सरकारी नोकरीत मुरलीस मावशी. गरिबाला ‘थांबा’ सांगायची सवय लागते.

मावशी : लागते. खरं आहे. पण हे थांबणं त्यातलं नाही.

इथे मी एक गोष्ट सांगितली, आणि दोघांनीही ती फारशी ऐकली नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली सिंगापूर आणि मलेशियातल्या रुग्णालयांचा एक अभ्यास छापून आला. डेंग्यूचे ३७२ प्रौढ रुग्ण, सगळ्यांच्या प्लेटलेट २० हजार किंवा त्याहून कमी. निम्म्यांना आधीच, रक्तस्राव होऊ नये म्हणून, प्लेटलेट चढवल्या. निम्म्यांना नुसती देखभाल. चढवल्याने रक्तस्राव ठळकपणे कमी झाला नाही, उलट चढवलेल्यांत अंगावर रिअॅक्शन येण्यासारखे त्रास जास्त निघाले. कारण उघड आहे. ज्या आजारात शरीर स्वतःच्याच प्लेटलेट मोडतंय, तिथे परक्या प्लेटलेट किती टिकणार? गळक्या रांजणात घागर ओतल्यासारखं.

पुतण्या म्हणाला, “काका, सिंगापूरला हॉस्पिटलच्या दारात बसून थांबतात. आपण रायत्याच्या पुलाअलीकडे थांबतो.”

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. कल्याण-मुरबाड रस्त्यावर उल्हास नदीवरचा हा पूल, पुरात बंद होतो. तो बंद झाला की मुरबाड तालुक्यातल्या माणसाला कल्याण एकदम लांब जातं. रेल्वे आमच्याकडे नाही. शहापूरवाल्यांना निदान आसनगाव तरी आहे. ‘थांबून बघा’ हा सल्ला देणाऱ्याच्या घरापासून आयसीयू किती किलोमीटरवर आहे, ते आधी विचारावं असं मला तेव्हापासून वाटतं.

मावशीलाही ते लागलं असावं. तिने सूर बदलला.

मावशी : तू एवढा का घाबरलायस? आकडा सोड. खरं सांग.

भाचा : गेल्या वर्षी आमच्याकडचा लोडर गेला. सव्वीस वर्षांचा. अंगदुखीच्या गोळ्या घेत तीन दिवस कामावर आला. पडला तेव्हा नेला. आम्ही रात्रभर पिशव्यांसाठी फिरलो, ठाणे, मुलुंड, दादर. पहाटे मिळाल्या. घेऊन पोचलो तर त्याला लागत नव्हत्या.

मावशी : रक्त गेलं होतं का त्याचं?

भाचा : थोडं. हिरड्यांतून.

मावशी : आणि बीपी?

भाचा : लागत नाही म्हणाले. हातपाय बर्फ झाले होते.

मावशी : ताप?

भाचा : आदल्या दिवशीच उतरलेला. म्हणून तर कामावर आला.

मावशी : मग बाबा, तो प्लेटलेट नसल्याने गेला नाही. दोन दिवस आधी त्याच्या अंगात पाणी जायला पाहिजे होतं.

पोरगा बराच वेळ बोलला नाही. मलाही हे नवं होतं. आपल्याकडे डेंग्यू म्हणजे प्लेटलेट हे समीकरण इतकं घट्ट बसलंय की वर्तमानपत्रंही आकडाच छापतात. मावशीने समजावलं ते असं : ताप असतो तोवर रोग दिसतो. धोका त्यानंतरचा. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो आणि नेमक्या त्याच वेळी काही जणांच्या बारीक रक्तवाहिन्या नव्या माठासारख्या पाझरायला लागतात. रक्तातला पातळ भाग बाहेर झिरपतो, पोटात, छातीत साठतो. तांबड्या पेशी आतच राहतात, त्यामुळे रक्त घट्ट होतं. हा पाझर एक-दोन दिवसच टिकतो, पण तेवढ्यात माणूस जातो. रिपोर्टवर प्लेटलेटच्या वरच एक ओळ असते, पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट. ती चढायला लागली की समजायचं पाणी बाहेर चाललंय. ती ओळ कुणी फोनवर पाठवत नाही.

“दाजींचा बघ,” ती म्हणाली. बुधवारी सकाळी ४१. संध्याकाळच्या नमुन्यात ४५. प्लेटलेट उतरणीला, हा आकडा चढणीला. पुतण्याच्या मोबाईलमध्ये दोन्ही रिपोर्ट होते. त्याने ती ओळ एकदाही वाचली नव्हती. मीही नाही.

भाचा : मग तर आत्ताच कल्याण.

मावशी : नाही, आधी मुरबाड. ग्रामीण रुग्णालयात दाखल करायचं, सलाईन लावायचं, दर दोन तासांनी बीपी. एवढंच लागतं.

भाचा : आणि रात्री बिघडलं तर तिथून पुढे कोण नेणार?

मावशी : एकशे आठ.

भाचा : आली तर.

मावशी : तीस वर्षं रोगी पाठवलेत मी पुढे. घाबरून पाठवलेला रोगी वाटेत जास्त दगावतो, हे डोळ्यांनी बघितलंय. एका गाडीत मी स्वतः होते, फुरसं चावलेला ठाकराचा पोर होता...

ही तिची जुनी गोष्ट. थोडक्यात सांगतो, कारण रक्त न थांबण्याचं शिक्षण आमच्या भागाला डेंग्यूने नाही, फुरशाने आणि घोणशीने दिलंय. चावल्यावर काही तासांत हिरड्यांतून, जुन्या जखमेतून रक्त येऊ लागतं. कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी आडवी करायची. रक्त वाहिलं म्हणजे विषाने गोठण्याची क्रियाच मोडली. तिथे औषध एकच, प्रतिविष. प्लेटलेट ओतून काही होत नाही. मावशीचं म्हणणं, बांधासारखं रक्त थांबायलाही चिखल लागतो आणि दगडही : गोठण्याची क्रिया हा चिखल, प्लेटलेट हे दगड. बांध फुटला तर आधी बघावं काय वाहून गेलंय. पुढे ती म्हणाली, डेंग्यूत दगड कमी झालेले असतात, पण बहुतेकदा शेत बुडतं ते दुसऱ्याच बाजूने.

पपईच्या पाल्यावरूनही एक चकमक झाली, ती फार वाढवत नाही. भाच्याच्या मित्राने हिरव्या रसाचा पेला आणून ठेवला होता. मावशीने तो परसात ओतला. त्या पाल्यावर छोटे अभ्यास झालेत, काहींत आकडा थोडा लवकर चढलेला दिसतो. माणूस त्याने वाचतो असं कुणी दाखवलेलं नाही, आणि तो कडू रस पिऊन उलटी झाली तर पोटातलं पाणी गेलंच. दुसरा मुद्दा मात्र मावशीने चढ्या आवाजात मांडला. सोमवारी भावाने मेडिकलवरून अंगदुखीची गोळी आणून घेतली होती आणि एका खाजगी दवाखान्यात कमरेत इंजेक्शन टोचून घेतलं होतं. इंजेक्शनच्या जागी आता तळहाताएवढा काळानिळा डाग होता. “डेंग्यूच्या दिवसांत तापाला पॅरासिटामॉल, बाकी काही नाही,” ती म्हणाली. “डायक्लो नाही, ब्रूफेन नाही, अॅस्पिरिन नाही. हृदयाची गोळी चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय ती बंदही नाही आणि चालूही नाही. आणि अशा अंगाला मांसात सुई नाही.”

हे सगळं चालू असताना वहिनी आत-बाहेर करत होत्या. ओटीवरच्या चर्चेत त्यांना कुणी विचारलं नव्हतं. साडेनऊच्या सुमारास त्या दारात उभ्या राहिल्या आणि बहिणीला म्हणाल्या, “ताई, यांना रात्री तीननंतर लघवीला झालं नाही.”

मावशी गप्प झाली.

वहिनींनी कालनिर्णयच्या मागच्या पानावर रेघा मारल्या होत्या. मंगळवारपासूनच्या. किती पेले पाणी, किती पेज, कितीदा लघवी, उलटी झाली तर फुली. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. गाभण म्हशीवर लक्ष ठेवताना त्या असंच करतात, असं त्या नंतर म्हणाल्या. बुधवारी सहा रेघा, गुरुवारी उजाडल्यापासून एकही नाही.

मावशीने मशीन लावलं. पहाटे ११० वर ७२ होतं. आता १०४ वर ८२. मला वाटलं, चांगलंच आहे, ८२ म्हणजे झकास. मावशीने वजाबाकी केली. वरच्यातून खालचा आकडा जाऊन बावीस उरले. “वीसवर आलं की शरीर हिय्या करून बीपी धरून ठेवतंय असं समजायचं,” ती म्हणाली. “एकदा सुटलं की एकदमच सुटतं.” तिने भावाच्या पायाच्या अंगठ्याचं नख दाबून धरलं आणि सोडलं. पांढरं पडलेलं नख पुन्हा गुलाबी व्हायला वेळ लागत होता. भाऊ मात्र म्हणत होता, मला बरं वाटतंय, पोट तेवढं दुखतंय, गाडी-बिडी कशाला?

मावशी : गाडी काढ.

भाचा : कल्याण?

मावशी : आधी मुरबाडला सलाईन. ते चालू ठेवून कल्याण. उजेड आहे तोवर पूल ओलांडायचा.

भाचा : मी हेच म्हणत होतो.

मावशी : तू अठ्ठावीस म्हणत होतास. मी बावीस म्हणतेय.

त्या क्षणीही तिला हे बोलायचं सुचलं, याचं मला आजही हसू येतं. पण फरक खरा होता. अठ्ठावीसला घाबरून निघालो असतो तर रक्तपेढीकडे धावलो असतो आणि सलाईन लागायला दुपार झाली असती. बावीसला घाबरलो म्हणून अकराच्या आत मुरबाडला सुई लागली.

मला विचाराल तर उपचारात मावशी बरोबर होती आणि रस्त्यात पुतण्या. मावशीच्याच मताने गेलो असतो तर रात्र मुरबाडात निघाली असती, कदाचित सुखरूप, कदाचित नाही. शहरातलं अंतर मिनिटांत मोजतात आणि आमच्याकडचं पावसात, एवढं पोराला कळत होतं, ते तिच्या तीस वर्षांच्या अनुभवात झाकोळलं होतं. मात्र शहर गाठलं म्हणजे सुटलो, असंही नाही. सिनेदिग्दर्शक यश चोप्रा ऑक्टोबर २०१२ मध्ये डेंग्यूनेच गेले, मुंबईत. त्यांना कुठली पिशवी कमी पडली असेल?

कल्याणला दोन दिवस पाझर चालला. पीसीव्ही ४८ वर जाऊन आला. सलाईन तासागणिक कमी-जास्त करत होते. इथे मावशीने पोराला आणखी एक शिकवलं : तिसऱ्या दिवशी बाहेर गेलेलं पाणी परत आत येतं, तेव्हा सलाईन चालूच ठेवलं तर तेच छातीत भरतं. म्हणजे आधी कमी द्यायची भीती, मग जास्त द्यायची. शुक्रवारी प्लेटलेट १९ हजार झाल्या. पुतण्याने वॉर्डच्या बाहेर नर्सशी भांडण काढलं. डॉक्टर म्हणाले, रक्त वाहायला लागलं किंवा दहाच्या खाली गेलं तर देऊ. सकाळी हिरडीतून थोडं रक्त आलं, दहा मिनिटांत थांबलं. चार पोरं खाली रसवंतीच्या दुकानात बसून होती. शनिवारी दुपारी पुन्हा नमुना घेतला, दोन ठिकाणी दिला. एकीकडे २६ हजार आले, दुसरीकडे ३८. मशीन प्लेटलेटच्या गुठळ्या मोजत नाही, त्यामुळे एकाच रक्ताचे दोन आकडे येऊ शकतात. काचपट्टीवर डोळ्याने मोजले की कळतं. पुतण्या दोन्ही कागद हातात धरून बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, “मग आपण कशावर भांडत होतो?”

रविवारी ७० हजार. पोरं परत गेली, कुणालाही सुई न लावता. त्यांतला एक जरा हिरमुसलाच.

घरी आल्यावर काळजी संपली नाही. आठवडाभर भावाला शेतात पाय टाकू दिला नाही, कोयता लपवून ठेवला, तेल लावून अंग रगडायला आलेल्या शेजाऱ्याला ओटीवरूनच परत पाठवलं. शौचाला काळं होतंय का, ते वहिनी विचारायच्या आणि भाऊ चिडायचा. कालनिर्णयवरच्या रेघा भाद्रपद संपेपर्यंत चालल्या. मिश्री अजून परत मिळालेली नाही.

निघायच्या दिवशी मावशी घराभोवती फिरली. पागोळ्यांखाली चार निळी पिंपं उभी होती, पावसाने गळ्यापर्यंत भरलेली. तिने बॅटरी पाडली. पाण्यात सुतासारख्या अळ्या वर-खाली करत होत्या. एडिस डास असाच असतो, घाण गटारात नाही, घरच्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळं कोरडं करायचं, हे तिने नोकरीभर भिंतींवर लिहिलं होतं.

भाचा : ही पिंपं मेमध्ये टँकरसाठी घेतली. पाचशेला एक.

मावशी : शहापुरातही तेच. भातसा, तानसा आमच्या डोक्याशी. मुंबईच्या रोजच्या पाण्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. १८९२ पासून तानसाचं पाणी नळातून चाललंय. आणि धरणाखालच्या वाडीत बाया टँकरच्या मागे कळशा घेऊन पळतात. पिंप नाही ठेवणार तर काय करणार? धरण उशाला आणि कोरड घशाला.

भाचा : म्हणजे पप्पांना डास चावला त्याचं कारण भातसा?

मावशी : इतकं सरळ नसतं रे. पण तुझ्या त्या अठ्ठावीस हजाराची सुरुवात कुठून झाली विचारशील, तर मी पिंपाकडे बोट दाखवीन.

तिने एक पिंप कलतं केलं. पाणी अंगणातून नालीकडे धावलं. पुतण्याने दुसरं धरलं. वहिनी चुलीपुढून उठून दारात आल्या.

“पालथी घाला,” त्या म्हणाल्या. “पण फेकू नका. मार्च काही लांब नाही.”